अंगावर कोड, डॉक्टर खुशीत!

अंगावर पांढरे डाग दिसले की घरात चिंता सुरू होते. मेलॅनोमा या त्वचेच्या द्वाड कॅन्सरवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना मात्र असे डाग पाहून हुरूप येतो! हा कॅन्सर उपजतो तो त्वचेला रंग देणाऱ्या पेशींतून. इम्युनोथेरपीनं खवळलेली प्रतिकारशक्ती गाठीवर तुटून पडते, आणि गाठीच्या निरोगी भाऊबंद पेशींनाही सोडत नाही. म्हणून कोड. कुणाच्या भुवयासुद्धा पांढऱ्या होतात. ज्यांना कोड उठतं, त्यांना औषधाचा गुण जास्त येतो, असं अभ्यासांत दिसलंय. हल्ला आतड्यांवर किंवा यकृतावर वळला तर मात्र गंमत संपते. स्टेरॉइड द्यावी लागतात.

इम्युनोथेरपीची ही औषधं स्वतः कॅन्सरला मारत नाहीतच. प्रतिकारशक्तीचा दाबलेला ब्रेक, म्हणजे 'चेकपॉइंट', तेवढा सोडवतात. ब्रेकचं गुपित उलगडणारे जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. ॲलिसन माउथ ऑर्गनही वाजवतात. शास्त्रज्ञ मंडळींच्या त्यांच्या बँडचं नाव काय, तर 'द चेकपॉइंट्स'!

अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांचा मेलॅनोमा २०१५ मध्ये यकृत आणि मेंदूपर्यंत पोचला होता. वय ९०. शस्त्रक्रिया, रेडिएशन, जोडीला पेम्ब्रोलिझुमॅब हे ब्रेक सोडवणारं औषध. डिसेंबरात मेंदूचा स्कॅन स्वच्छ आला आणि स्वारी थेट शंभरी गाठून गेली.

अशा औषधानंतर कधी कधी स्कॅनमध्ये गाठ आधी फुगलेली दिसते. आत लढवय्या पेशींचीच गर्दी झालेली असते.

ओठांवर फोड आणणारा हर्पीसचा विषाणूही मेलॅनोमाविरुद्ध कामाला लागलाय. त्यात फेरफार करून तो थेट गाठीत टोचतात. अमेरिकेत २०१५ पासून मंजुरी आहे.

आता नाक धरा. पिट्सबर्गच्या डॉक्टरांनी इम्युनोथेरपीच्या औषधाचा गुण आलेल्यांची विष्ठा घेतली, गुण न आलेल्या १५ जणांच्या आतड्यांत सोडली आणि तेच औषध पुन्हा दिलं. सहा जणांना फायदा झाला! २०२१ मध्ये हे छापून आलं. श्रेय आतड्यातल्या जिवाणूंचं.

आपल्याकडे मेलॅनोमा विरळाच, आणि होतो तो बरेचदा तळपायावर. खरा घोर औषधाच्या किमतीचा. म्हणून मुंबईच्या टाटा हॉस्पिटलनं डोकं-मानेच्या कॅन्सरवर याच कुळातलं निव्होलुमॅब नेहमीच्या २४० ऐवजी फक्त २० मिलिग्रॅम देऊन पाहिलं, गोळ्यांच्या केमोथेरपीसोबत. वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण नुसत्या केमोथेरपीच्या १६ टक्क्यांवरून ४३ वर गेलं.