अहवालातील दहाचा घात

पावसाळ्यात घरातील ज्येष्ठांना ताप येतो, डॉक्टर रक्ततपासणी करावयास सांगतात आणि सायंकाळी अहवाल हाती पडतो. प्लेटलेटच्या ओळीत आकडा असतो १५८. चार दिवसांपूर्वी दुसऱ्या प्रयोगशाळेने दिलेल्या कागदावर तर १,६२,००० असे छापलेले असते. दीड लाखाहून अधिक असलेली संख्या दीडशेवर आली की काय, या शंकेने घराची झोप उडते.

अशा वेळी आपण प्रथम आकड्याच्या शेजारचे एकक पाहावे. तेथे बहुधा ‘१०³ प्रति मायक्रोलिटर’ असे बारीक अक्षरांत लिहिलेले असते. दहावर चढवलेला तो छोटा तीन म्हणजे घातांक. दहाला दहाने आणि पुन्हा दहाने गुणा, असे तो सांगतो, म्हणजेच हजार. १५८ गुणिले हजार, अर्थात १,५८,०००. दोन्ही अहवाल जवळपास एकच गोष्ट सांगत होते. काही ठिकाणी ‘१०⁹ प्रति लिटर’ असे असते. एका लिटरात दहा लक्ष मायक्रोलिटर असल्यामुळे तेथेही आकडा १५८ च राहतो. छपाईत घातांक खाली घसरून ‘१०३’ असे दिसू लागले, तर मात्र जाणकारही क्षणभर गोंधळतो. उपचारांचा निर्णय अर्थातच डॉक्टरांचा; आपण आकडा नीट वाचून त्यांना कळवावा.

ही पद्धत आली ती शून्यांच्या कंटाळ्यातून. एका मायक्रोलिटर रक्तात सुमारे ५० लक्ष तांबड्या पेशी असतात, म्हणजे ५ × १०⁶. शरीरात रक्त सुमारे पाच लिटर, म्हणजे ५ × १०⁶ मायक्रोलिटर. गुणाकार करताना पाच पाचे पंचवीस, आणि घातांकांची नुसती बेरीज: २५ × १०¹². रूढ रीतीप्रमाणे दशांशचिन्हाच्या डावीकडे एकच अंक ठेवला, की २.५ × १०¹³. आपल्या भाषेत पंचवीस लाख कोटी! भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त एकापासून परार्धापर्यंत, म्हणजे १०¹⁷ पर्यंत, प्रत्येक स्थानाला नाव दिले आहे. आपण मात्र कोटींच्या पुढची नावे व्यवहारातून विसरलो, आणि घातांकाने ती जागा घेतली.

घातांक ऋणही असतो, आणि काळजीवाहकांनी विशेष सावध राहावे ते येथे. मिलिग्रॅम म्हणजे १०⁻³ ग्रॅम, मायक्रोग्रॅम म्हणजे १०⁻⁶ ग्रॅम. दोहोंत हजारपटीचे अंतर. थायरॉइडची ५० मायक्रोग्रॅमची गोळी ०.०५ मिलिग्रॅमची असते, ५० मिलिग्रॅमची नव्हे. मायक्रोचे ग्रीक चिन्ह घाईच्या हस्ताक्षरात इंग्रजी एमसारखे दिसते. म्हणून घरच्या औषधवहीत ‘मायक्रोग्रॅम’ हा शब्द पूर्ण लिहावा, आखूड रूप टाळावे. दशांशापूर्वीचे शून्यही गाळू नये. ‘.५’ मधला ठिपका पुसट झाला, की अर्ध्याचे पाच होतात. नवे पाकीट आणल्यावर त्यावरील मात्रा जुन्या पाकिटाशी एककासह ताडून पाहावी, आणि शंका वाटल्यास गोळी देण्याआधीच औषधविक्रेत्याला किंवा डॉक्टरांना विचारावे. चष्मा शोधण्यास दोन मिनिटे लागली तरी चालतील.