घसरत्या आकड्याची वेळेवर दखल

महासाथीत सर्वाधिक संख्या सौम्य लक्षणांच्या रुग्णांची असते आणि वैद्यकीय देखरेख मात्र सर्वांत कमी त्यांच्याच वाट्याला येते. अत्यवस्थ रुग्णाभोवती डॉक्टर, परिचारिका आणि यंत्रे एकवटणे स्वाभाविक असले, तरी कोविड-19 च्या काळात सौम्य म्हणून नोंदलेल्या काही रुग्णांची प्रकृती चौथ्या-पाचव्या दिवसानंतर झपाट्याने ढासळत असे, आणि ही घसरण वेळेवर कोणाच्या लक्षात येते यावर पुढचे बरेच काही ठरत असे.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 7 एप्रिल 2020 रोजी उपचारांची त्रिस्तरीय रचना जाहीर केली. तीत गंभीर रुग्णांसाठी रुग्णालय, मध्यम रुग्णांसाठी आरोग्य केंद्र आणि सौम्य रुग्णांसाठी वसतिगृहे, शाळा, हॉटेले अशा इमारतींतील ‘कोविड काळजी केंद्र’ असे स्तर होते. या तिसऱ्या स्तराची गरज उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात विशेष तीव्र होती. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना लष्करी छावणीच्या बराकींत वसवून उभ्या राहिलेल्या, आणि आजही कॅम्पच्या क्रमांकाने पत्ता सांगणाऱ्या उल्हासनगरात 2011 च्या जनगणनेनुसार सुमारे 13 चौरस किलोमीटरमध्ये पाच लाखांहून अधिक लोक राहत होते. तेथे एका खोलीच्या घरात रुग्णाला वेगळे ठेवणे अशक्यच होते. अंबरनाथ आणि बदलापूरमधून मुंबईच्या रुग्णालयांत, पोलीस दलात आणि पालिकेत कामाला जाणाऱ्यांची संख्या मोठी असल्याने संसर्ग घरापर्यंत पोहोचण्याची वाट खुली होती. त्यामुळे अंबरनाथमध्ये दंत महाविद्यालयाच्या, तर बदलापुरात सोनिवली येथील घरकुल प्रकल्पाच्या इमारतींत कोविड रुग्णांची सोय करण्यात आली. खाटा अशा रीतीने उभ्या करता येतात. प्रत्येक खाटेपाशी दर काही तासांनी जाणारी प्रशिक्षित माणसे तितक्या लवकर उभी राहत नाहीत, आणि जी असतात त्यांनाही प्रत्येक फेरीला संरक्षक पोशाख चढवावा लागतो. अंकीय, म्हणजे डिजिटल, देखरेखीचा विचार येथून सुरू होतो.

कोविडच्या काही रुग्णांत रक्तातील प्राणवायू बराच घटूनही धाप लागत नसे. या अवस्थेला ‘मूक प्राणवायू-न्यूनता’ म्हणता येईल. श्वास घेण्याची निकड प्रामुख्याने रक्तात साचणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे जाणवते. फुप्फुसाचा काही भाग निकामी झाला तरी हा वायू उरलेल्या भागातून सहज बाहेर पडत राहतो, त्यामुळे शरीराला धोक्याची सूचनाच मिळत नाही. त्यातच हिमोग्लोबिन प्राणवायू धरून ठेवते ते सरळ प्रमाणात नव्हे: आरंभी प्राणवायूचा दाब बराच उतरला तरी संपृक्तता, म्हणजे हिमोग्लोबिनचा प्राणवायूने भरलेला हिस्सा, थोडाच घटतो, मात्र 90 टक्क्यांच्या खाली गेल्यावर दाबातील लहानशा घटीनेही तो वेगाने कोसळतो. म्हणूनच भारतीय उपचारपद्धतीत 90 ते 94 हा पट्टा मध्यम आजाराचा आणि 90 च्या खालचा आकडा गंभीर आजाराचा मानला गेला, आणि 97 वरून दोन दिवसांत 94 वर आलेला रुग्ण कायम 94 वर स्थिर असलेल्या रुग्णापेक्षा अधिक चिंतेचा ठरतो.

हा आकडा देणारा पल्स ऑक्सिमीटर जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांनी 1974 मध्ये मांडलेल्या तत्त्वावर चालतो. सुमारे 660 नॅनोमीटर लांबीच्या लाल आणि 940 नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशलहरी बोटातून पार जातात. प्राणवायूयुक्त आणि प्राणवायूविरहित हिमोग्लोबिन त्या वेगवेगळ्या प्रमाणात शोषते, आणि नाडीबरोबर बदलणारा भागच मोजल्याने त्वचा, हाड, स्थिर रक्त यांचा प्रभाव वगळला जातो. हे वगळणे परिपूर्ण नसते. थंड बोटे, नखांवरील रंग आणि मेंदी यांमुळे मापन चुकू शकते. शिवाय डिसेंबर 2020 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने प्रसिद्ध केलेल्या अमेरिकी अभ्यासात कृष्णवर्णीय रुग्णांमधील प्राणवायूची तूट यंत्राच्या नजरेतून श्वेतवर्णीयांच्या तुलनेत जवळपास तिप्पट वेळा निसटल्याचे दिसले. सावळ्या त्वचेचे प्राबल्य असलेल्या भारतात या निष्कर्षाची जितकी चर्चा व्हायला हवी होती तितकी झाली नाही.

यंत्र ब्लूटूथने भ्रमणध्वनीला जोडून नोंदी एका फलकावर आणल्या, की एक परिचारिका अनेक खाटांचा आलेख एकाच जागी पाहू शकते. गादीखालच्या पट्टीने हृदयठोक्यांची सूक्ष्म कंपने टिपून नाडी आणि श्वसनाचा वेग मोजण्याचे तंत्रही उपलब्ध आहे. वुहानमध्ये 5 फेब्रुवारी ते 10 मार्च 2020 या काळात क्रीडागृहे व प्रदर्शनगृहे यांत चालवलेल्या सोळा ‘फांगचांग’ रुग्णालयांनी सुमारे बारा हजार सौम्य व मध्यम रुग्ण सांभाळले, ते वारंवार तपासणी आणि प्रकृती बिघडताच मोठ्या रुग्णालयात हलवण्याची ठरलेली वाट या दोन आधारांवर. साधनांचा तुटवडा असला तरी हे तत्त्व वापरता येते: महाराष्ट्राच्या आरोग्य विभागाने 2021 मध्ये सुचवलेल्या सहा मिनिटे चालण्याच्या चाचणीत, चालल्यावर आकडा 93 च्या खाली गेला किंवा आधीपेक्षा तीनहून अधिक अंकांनी घसरला, तर वैद्यकीय मदत घ्यावी अशी सूचना होती.

तंत्राच्या उत्साहात सर्वाधिक दुर्लक्ष होते ते इशारा मिळाल्यानंतरच्या अर्ध्या तासाकडे. बोटावरून निसटलेले यंत्रही धोक्याची घंटा वाजवते, आणि खोट्या घंटा वाढल्या की खऱ्या घंटेकडेही कानाडोळा होतो. त्यामुळे कोणत्या आकड्याला कोणी, किती वेळात आणि काय करायचे हे यंत्र बसवण्याआधी ठरलेले असावे लागते. येथे या पट्ट्याची प्रशासकीय रचनाही आड येते. उल्हासनगरला महानगरपालिका, अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूरला स्वतंत्र नगरपरिषदा, आणि अतिदक्षता खाट कदाचित कल्याणला किंवा ठाण्याला, अशा स्थितीत सोनिवलीच्या रुग्णाचा आलेख त्याच्याबरोबर पुढच्या रुग्णालयात पोहोचायचा, तर नोंदींचा नमुना तिन्ही ठिकाणी एकच हवा आणि रुग्णाची संमती पहिल्याच दिवशी, त्याला समजणाऱ्या भाषेत, मराठीइतकीच सिंधी आणि हिंदीतही, घेतलेली हवी. 2023 च्या अंकीय वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने संमतीची चौकट आखून दिली आहे. नोंदींच्या समान नमुन्याचे काम मात्र पुढच्या साथीची वाट न पाहता तिन्ही स्थानिक संस्थांना एकत्र बसून आजही करता येण्यासारखे आहे.