कायरोप्रॅक्टर : शब्दातला हात आणि पाटीवरचा अर्थ

आजचा शब्द मोबाइलवर कटाकट मान मोडण्याचे व्हिडिओ बघणाऱ्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे : कायरोप्रॅक्टर. काही जण तो ‘चिरोप्रॅक्टर’ असाही लिहितात. पण इथला ‘सीएच’ हा केमिस्ट्रीतला ‘सीएच’ आहे, चहातला नव्हे. म्हणून ‘कायरो’.

शब्द ग्रीक आहे. ‘खेइर’ म्हणजे हात आणि ‘प्राक्तिकोस’ म्हणजे करण्यासंबंधीचं, कृतीचं. हाताने काम करणारा, एवढाच त्याचा अर्थ. यात पाठ नाही, मणका नाही, हाड नाही आणि डॉक्टर तर नाहीच नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. आपल्याकडे हस्तसामुद्रिकाची पुस्तकं गाजली त्या कीरोचं टोपणनाव याच ‘खेइर’वरून आलेलं. वटवाघळांच्या गणाला शास्त्रात ‘कायरोप्टेरा’ म्हणतात, म्हणजे हातच ज्यांचे पंख झाले ते. आणि गंमत म्हणजे ‘सर्जन’ हा शब्दही ‘खेइरूर्गोस’वरूनच घडलाय, फ्रेंचमधून घासत घासत इंग्रजीत आलेला. त्याचाही मूळ अर्थ हाताने काम करणारा! संस्कृत ‘हस्त’, ज्यातून आपला ‘हात’ आला, तोही या ग्रीक शब्दाचा दूरचा भाऊ, असं भाषाशास्त्रज्ञ मानतात.

म्हणजे व्युत्पत्तीने बघितलं तर शल्यविशारद आणि कायरोप्रॅक्टर एकच. व्यवहारात मात्र दोन टोकं. असं का झालं, ते शब्दाच्या जन्मात आहे.

अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्ट गावी डॅनिएल डेव्हिड पामर नावाचे गृहस्थ चुंबकीय उपचार करायचे. त्यांनी वैद्यकाचं शिक्षण घेतलेलं नव्हतं. १८९५ मध्ये त्यांनी हार्वी लिलार्ड या कमी ऐकू येणाऱ्या सफाई कामगाराचा पाठीतला एक मणका दाबला आणि त्याला ऐकू यायला लागलं, असा दावा केला. (ऐकण्याची नस मेंदूतून थेट कानात जाते, पाठीच्या कण्यातून जातच नाही. त्यामुळे हा दावा तेव्हापासून वादात आहे.) या नव्या विद्येला नाव हवं होतं. पामर यांच्याकडे उपचार घेणारे सॅम्युएल वीड नावाचे पाद्री ग्रीक जाणणारे होते, त्यांनी ते सुचवलं.

पुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. परवान्याशिवाय वैद्यकी केल्याबद्दल १९०६ मध्ये पामर तुरुंगात गेले. १९०७ मध्ये विस्कॉन्सिन राज्यात शेगातारो मोरिकुबो या कायरोप्रॅक्टरवर खटला झाला, तेव्हा बचाव असा होता की ही विद्याच वेगळी आहे, दुसऱ्या पद्धतीचे कायदे तिला लागू नाहीत. ते सुटले. मग शब्द जपून वापरायची रीत पडली. ‘निदान’ म्हणायचं नाही, ‘विश्लेषण’ म्हणायचं. ‘उपचार’ नाही, ‘अ‍ॅडजस्टमेंट’. आज आपल्याकडचा पेशंटसुद्धा सहज म्हणतो, ‘अ‍ॅडजस्टमेंट करून घेतली.’ तो शब्द कोर्टकचेरीच्या धगीत तावून निघालाय, हे त्याच्या गावीही नसतं.

तसाच शब्द ‘सबलक्सेशन’. अस्थिरोगतज्ज्ञ तो वापरतात तेव्हा सांधा जागेवरून अर्धवट सरकलाय असा अर्थ असतो, आणि ते एक्स-रेत दिसतं. पामर यांच्या परंपरेत मात्र मणका किंचित हलल्यामुळे नसांचा प्रवाह अडतो आणि त्यातून आजार होतात, असा व्यापक अर्थ धरला गेला. ब्रिटनमधल्या कायरोप्रॅक्टरांच्याच वैधानिक परिषदेने २०१० मध्ये स्पष्ट केलं की हे आजाराचं कारण आहे असा दावा करण्याइतका पुरावा संशोधनात नाही. शब्द एक, अर्थ दोन. पेशंट बिचारा मधे.

आता आपल्याकडे या. मराठीत पाठीच्या दुखण्याला शब्द भरपूर : उसण भरली, लचक भरली, चमक निघाली, कंबर धरली. उपाय करणारेही होते. हाडवैद्य होता, तालमीत मालिश करणारा वस्ताद होता, आणि पायाळू माणसाचा पाय पाठीला लावला की उसण जाते अशी समजूत होती. पण यातल्या कुणाला आपण डॉक्टर म्हणत नव्हतो. कायरोप्रॅक्टरला मात्र सर्रास ‘मणक्याचे डॉक्टर’ म्हणतो, आणि गोंधळ तिथे आहे. मणक्याचं ऑपरेशन करणारा स्पाइन सर्जन, व्यायाम आणि हालचालीतून बरं करणारा फिजिओथेरपिस्ट आणि हा कायरोप्रॅक्टर, हे तीन वेगळे लोक आहेत.

अमेरिकेत कायरोप्रॅक्टरची स्वतंत्र पदवी आहे आणि परवाना लागतो. कॅन्सस राज्याने १९१३ मध्ये पहिला कायदा केला, लुइझियानाने सर्वांत शेवटी, १९७४ मध्ये. ब्रिटनमध्ये १९९४ च्या कायद्याने हे नावच राखीव केलं : नोंदणी नसताना स्वतःला कायरोप्रॅक्टर म्हणवणं तिथे गुन्हा आहे. भारतात या व्यवसायासाठी अशी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. म्हणून इथे पाटीवरचा शब्द तुम्हाला फक्त ‘हाताने काम करणारा’ इतकंच सांगतो. कुठे शिकला, किती वर्षं शिकला, हे तुम्हालाच विचारावं लागतं. विचारायला लाजू नका.

‘कट्’ आवाज आला म्हणजे हाड जागेवर बसलं, असंही समजू नका. सांध्यातल्या द्रवात दाब एकदम बदलून वायूची पोकळी होते, त्याचा तो आवाज. बोटं मोडताना येतो तोच. साध्या कंबरदुखीत हाताच्या उपचाराने काहींना आराम पडतो, साधारण व्यायामासारख्या इतर उपायांइतका. मानेला झटका देण्याचं मात्र वेगळं. त्यानंतर मानेतल्या धमनीच्या अस्तराला चीर पडून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. क्वचित, पण आहेत. हाडं ठिसूळ असतील, पायातली ताकद जात असेल, लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर आधी एमबीबीएस किंवा अस्थिरोगतज्ज्ञ डॉक्टरांकडे, त्याच दिवशी.

आणि एक बारीकशी गोष्ट. माणूस तो कायरोप्रॅक्टर, पद्धत ती कायरोप्रॅक्टिक. ‘कायरोप्रॅक्टर करून आलो’ असं कानावर पडतं, ते ‘डेंटिस्ट करून आलो’ म्हटल्यासारखं आहे.