नळदुर्गातील टेलरचा बंगला व इंग्रजी ग्रामीण प्रासाद : एक स्थापत्यविचार

इंग्लंडमधील उमरावांच्या ग्रामीण प्रासादांशी धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्याचा संबंध शोधू जाता नळदुर्गाकडे वळावे लागते. १८५३ च्या तहाने निजामाने हा मुलूख कंपनीच्या हवाली केला व त्याचा कारभार फिलिप मेडोज टेलर याच्याकडे आला. किल्ल्यातील त्याचा बंगला प्रसिद्ध आहे. तथापि त्यास ग्रामीण प्रासादाची भारतीय आवृत्ती मानणे सयुक्तिक ठरत नाही.

ग्रामीण प्रासाद वंशपरंपरागत जमिनीच्या खंडावर उभा असे. समतोल दर्शनी भाग, मधले भव्य दालन आणि सभोवतालचे विस्तीर्ण उपवन यांतून घराण्याचा टिकाऊपणा व्यक्त होई. अधिकाऱ्याचा बंगला मात्र बदलीपुरता. टेलर १८५७ मध्ये बुलढाण्यास गेला. १८६० मध्ये हा मुलूखही निजामाकडे परतला. हवामानाचा भेद तर मूलगामीच आहे. इंग्लंडमध्ये ऊन आत घेण्यासाठी मोठ्या खिडक्या आणि उबेसाठी धुरांडी. दख्खनमध्ये ऊन बाहेर थोपविण्यासाठी व्हरांडा व उंच छत. 'बंगला' हा शब्दही मूळचा बंगालमधील झोपडीचा.

ग्रामीण प्रासादाचे खरे सख्य टेलरच्या बंगल्याशी नसून त्याच किल्ल्यातील पाणीमहालाशी आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ मध्ये, बोरी नदीवरील बांधाच्या पोटातच हा महाल बांधण्यात आला. पावसाळ्यात 'नर' व 'मादी' या सांडव्यांवरून पाणी कोसळते, तेव्हा महालात बसलेल्यास ते समोर पडद्यासारखे दिसते. संरक्षणासाठी अडविलेले पाणी येथे विलासाचेही साधन झाले आहे.

ब्लेनहाइम येथे नेमका उलट प्रकार घडला. व्हॅनब्रूने अठराव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या भव्य पुलात अनेक खोल्या होत्या. पुढे १७६० च्या दशकात 'केपेबिलिटी' ब्राउनने ग्लाइम नदी अडवून तलाव केला आणि खालच्या खोल्या पाण्याखाली गेल्या. तेथे पूल आधी, पाणी नंतर. नळदुर्गात मात्र पाणी आणि दालन यांचा विचार एकाच वेळी झाला. या बाबतीत दख्खनी स्थपती निःसंशय सरस ठरतो.

टेलर हा ठगांवरील कादंबरीचा लेखक म्हणूनच आपल्याकडे अधिक परिचित आहे. पण फर्ग्युसनसमवेत १८६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विजापूरच्या स्थापत्यावरील ग्रंथातील ऐतिहासिक भाग त्याचा आहे. ज्या आदिलशाहीच्या वास्तूंवर त्याने पुढे लिहिले, तिच्याच तटाआड त्याने नळदुर्गात संसार मांडला होता.