विद्यापीठाचें संकेतस्थळ आणि त्याची निगा

विद्यापीठाची पायरी विद्यार्थी आतां प्रथम चढतो तो घरबसल्या, संकेतस्थळावर. अर्ज केव्हां भरावयाचा, शुल्क किती, अभ्यासक्रम कोणता, निकाल लागला कीं नाहीं, हें सर्व त्याला तेथेंच पाहावें लागतें. पूर्वीं हा मजकूर कचेरीबाहेरच्या फळ्यावर लागत असे. फळ्याचा एक मोठा गुण असा कीं त्यावरील जागा मोजकी. नवी सूचना लावावयाची तर जुनी काढावीच लागे. संकेतस्थळावर जागेची टंचाई नाहीं. त्यामुळें तेथें नवें येतें, पण जुनें जात नाहीं, आणि मागील वर्षाची शेवटची तारीख यंदाच्या तारखेच्या शेजारीं निमूटपणें बसून राहते. खेड्यांतील एखाद्या मुलीनें मोबाईलवर शोध घेतला आणि तिच्या हातीं तें जुनें पान पडलें, तर तें जुनें आहे हें तिनें ओळखावें कसें? चुकलेल्या तारखेची किंमत पुष्कळदां एक अखंड वर्ष असते.

हें असें कां होतें तें समजण्यासाठीं पानें तयार कशीं होतात तें पाहिलें पाहिजे. वेबची योजना टिम बर्नर्स-ली यांनीं जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेंत १९८९ सालीं मांडली, आणि ३० एप्रिल १९९३ रोजीं त्या संस्थेनें तें तंत्र सर्वांस विनामूल्य खुलें केलें. त्या काळांत प्रत्येक पान म्हणजे एक स्वतंत्र फाईल असे. मजकूर, रंग, शीर्षक, बाजूचे दुवे, सर्व कांहीं एकाच फाईलींत खुणांच्या एका भाषेनें गुंफलेलें असे. ही भाषा जाणणारा इसम संगणक-केंद्रांत एखादाच. इतिहास-विभागाला एका व्याख्यानाची वेळ बदलावयाची झाली तरी त्याच्याकडे चिठ्ठी पाठवून वाट पाहत बसावें लागे.

ही अडचण ज्या साधनानें दूर झाली त्याला आशय-व्यवस्थापन प्रणाली, किंवा इंग्रजी आद्याक्षरांनीं सीएमएस, असें म्हणतात. तिचें मर्म छापखान्याच्या उदाहरणानें चटकन ध्यानांत येईल. लेखक हस्तलिखित देतो. खिळे कोणते, समास किती, पृष्ठांक कोठें, हें तो पाहत नाहीं. तें काम खिळे जुळविणाराचें. त्याचप्रमाणें सीएमएसमध्यें मजकूर एका कोठारांत निराळा राहतो आणि पानाचा सांचा निराळा. वाचकानें पान मागितलें कीं दोहोंची जुळणी होऊन तें त्याच्यापुढें येतें. पुणे विद्यापीठाचें नांव २०१४ सालीं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ असें झालें. असा बदल होतो तेव्हां प्रत्येक पान सुटें असल्यास हजारों मथळे हातानें दुरुस्त करावे लागतील; सांचा एक असेल तर दुरुस्ती एकाच जागीं होते. नांव बदललें तरी त्या विद्यापीठाचा वेबवरील पत्ता युनिपुणे डॉट एसी डॉट इन हाच राहिला, हेंहि येथें लक्षांत ठेवावें. पत्त्याची गोष्ट पुढें येणारच आहे.

अशा प्रणालींपैकीं ड्रुपल ही तर विद्यार्थ्यांच्या खोलींतूनच निघाली. बेल्जममधील अँटवर्प विद्यापीठांत शिकत असतां ड्रीस ब्युटार्ट यांनीं मित्रांना एकमेकांस निरोप देतां यावेत म्हणून जें काम केलें, त्यांतून ती वाढली आणि २००१ सालीं सर्वांस खुली झाली. वर्डप्रेस ही दुसरी प्रणाली २००३ सालची. दोन्ही विनामूल्य मिळतात, आणि अनेक विद्यापीठें त्या वापरतात.

या प्रणालींत प्रत्येकाचा अधिकार ठरवून देतां येतो. विभागांतील लेखनिकानें मसुदा लिहावा, विभागप्रमुखानें तपासावा, आणि मगच तो प्रसिद्ध व्हावा, अशी पायऱ्यांची सोय तींत असते. कोणी, केव्हां, काय बदललें याची नोंदहि राहते व चूक झाल्यास मागील प्रत परत आणतां येते. कचेरींतील टिपणीच्या कागदापेक्षां ही नोंद अधिक विश्वासाची. मात्र पायऱ्यांचा सोस नसावा. एका ओळीच्या दुरुस्तीसाठीं चार जणांची संमति लागूं लागली कीं लेखनिक पळवाट काढतो: सहीशिक्क्याच्या परिपत्रकाचें तो यंत्रावर छायाचित्र घेतो आणि तेंच पानावर टांगून मोकळा होतो.

ही टांगलेली परिपत्रकें म्हणजे आपल्या संकेतस्थळांचें मोठें दुखणें होय. छायाचित्रांत अक्षरें दिसतात, पण यंत्राच्या लेखीं तीं अक्षरें नसतात. त्यामुळें शोध घेणाऱ्याला तीं सांपडत नाहींत. आणि जो अंध विद्यार्थी पान मोठ्यानें वाचून दाखविणाऱ्या साधनावर अवलंबून आहे, त्याच्या दृष्टीनें तर तें पान कोरेंच. मराठी मजकुराला आणखी एक विघ्न असे. जुन्या फाँटांत टंकलिखित केलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसे, परंतु आंत सांठविलेलीं असत तीं रोमन अक्षरांचींच चिन्हें. तोच फाँट दुसऱ्याच्या संगणकावर नसला कीं सगळा गोंधळ. युनिकोडमध्यें देवनागरीला १९९१ पासून स्वतःचें स्थान आहे. तेव्हां नवा मजकूर युनिकोडमध्यें, आणि पानावरच अक्षरशः लिहावा. सहीची प्रत पाहिजे तर खालीं जोडावी.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. समजा, एका अभ्यासक्रमाचें शुल्क प्रवेश-विभागाच्या पानावर आहे, विभागाच्या पानावर आहे आणि माहितीपुस्तिकेंतहि आहे. शुल्क वाढलें, एक पान बदललें, दोन तशींच राहिलीं. येथें कोणी खोटें लिहिलें नाहीं. तीच गोष्ट तीन ठिकाणीं लिहिली, एवढाच दोष. सीएमएसमध्यें एक आंकडा एकाच जागीं लिहून पाहिजे तितक्या पानांवर उमटवितां येतो. ही सोय पुष्कळ ठिकाणीं असते, वापरली मात्र क्वचितच जाते. दुसरें असें कीं प्रत्येक पानाला धनी पाहिजे, आणि तो व्यक्तीच्या नांवानें नव्हे तर पदाच्या नांवानें नेमावा. कारण माणसें बदलतात, निवृत्त होतात. पान पुन्हां केव्हां तपासावयाचें ती तारीखहि त्याच वेळीं ठरवावी, व ती पानावर दिसावी. प्रणाली आठवण देईल; परंतु आंकडा खरा कीं खोटा हें ती सांगूं शकत नाहीं.

पत्त्याविषयीं बर्नर्स-ली यांनीं १९९८ सालींच लिहून ठेवलें कीं पानाचा पत्ता बदलूं नये. तें फारसें कोणी ऐकलें नाहीं. अमेरिकेंतील प्यू संशोधन केंद्रानें २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत २०१३ सालीं असलेल्या पानांपैकीं शेंकडा ३८ पानें दहा वर्षांनीं उघडत नव्हतीं. नवें संकेतस्थळ सजविण्याच्या भरांत जुने पत्ते मोडतात, आणि पुस्तकांत, प्रबंधांत, दुसऱ्यांच्या पानांवर दिलेले दुवे भिंतीवर आपटतात. वाचकाला फक्त ४०४ हा आंकडा दिसतो. पत्ता बदलणें भागच असेल तर जुन्यावरून नव्यावर आपोआप नेणारी वाट ठेवतां येते. सर्ननें तर आपल्या सर्वांत पहिल्या संकेतस्थळाचा मूळ पत्ता २०१३ सालीं पुन्हां चालू करून दिला.

यावर कोणी म्हणेल, जुनीं पानें सरसकट पुसूनच टाकावींत. तसें करूं नये. दहा वर्षांपूर्वीं पदवी घेतलेला विद्यार्थी परदेशीं पुढील शिक्षणासाठीं जातो तेव्हां त्याच्याकडे त्याच्या वर्षाचा अभ्यासक्रम मागतात, आजचा नव्हे. तो कोठें ठेवलाच नसेल तर त्यानें कोणाचे उंबरठे झिजवावे? म्हणून जुन्या पानांचें दालन निराळें करावें, पत्ता तोच ठेवावा, आणि प्रत्येकाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत वर्ष घालून शेजारींच चालू पानाचा दुवा द्यावा. ही ओळ सांच्यांत एकदां घातली कीं त्या दालनांतील सर्व पानांवर आपोआप उमटते.