झोपताना प्रोटीनची पावडर हवी का?

गारखेड्याच्या क्रीडा संकुलावर पोलीस भरतीसाठी धावणारी पोरं आम्हाला हे विचारतात. नेदरलँड्समधल्या 2012 च्या एका अभ्यासात संध्याकाळी व्यायाम केलेल्या तरुणांना झोपण्याआधी 40 ग्रॅम दुधाचं प्रोटीन दिलं, तेव्हा रात्रीतून स्नायूंची बांधणी वाढली. म्हणजे गोष्ट खोटी नाही. पण आधी दिवसाचा हिशोब बघा. वजनाच्या किलोमागे 0.83 ग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या पोराला 50 ग्रॅम तरी हवं. धावणाऱ्याला त्याहून जास्त. 2015 मध्ये बैलाच्या कत्तलीवर बंदी आली, स्वस्तातलं मटण गेलं, ती तूट अजून आहेच. त्यासाठी महागडा डबा कशाला? दोन उकडलेली अंडी 12 ग्रॅम, मूठभर शेंगदाणे 7, पेलाभर दूध 6. रात्री भाकरीसोबत पातळ नव्हे, घट्ट वरण घ्या. किडनीचा आजार असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.