घराचें छप्पर व घराचें पाणी

शहापूर तालुक्यांत पाऊस कमी पडतो अशी तक्रार कोणासहि करितां यावयाची नाहीं. मृगापासून हस्तापर्यंत येथें सरासरीनें सुमारें १०० इंच, म्हणजे २,५०० मिलिमीटर पाणी पडतें. मुंबई शहराची तहान भागविण्याकरितां १८९२ सालीं तानसा नदीवरील धरण याच मुलखांत पुरें झालें. पुढें वैतरणा व भातसा या नद्यांचें पाणीहि त्याच शहराकडे गेलें. भातसेच्या धरणांतून शहरासाठीं सोडलेलें पाणी वाशिंदच्या शेजारून नदीच्या पात्रानेंच खालीं पिसे येथील बंधाऱ्याकडे जातें. आणि याच तालुक्यांतील कित्येक गांवपाड्यांस गेलीं अनेक वर्षें चैत्र लागतो न लागतो तोंच टँकरची वाट पाहावी लागते. हें असें कां, याची चर्चा करण्याचें हें स्थळ नव्हे. ज्यास स्वतःचें घर व अंगण आहे अशा शेतकऱ्यानें आपल्या घरापुरतें काय करावें, एवढाच विचार येथें कर्तव्य आहे.

आपल्या पायांखालीं काळा कातळ आहे. त्यावरील मातीचा थर पातळ व जमिनीचा उतार फार. त्यामुळें बहुतेक पाणी ओढ्यानाल्यांनीं निघून जातें, व कातळाच्या भेगांतून जें थोडें मुरतें तेवढ्यावर विहिरी जगतात. फाल्गुनांत विहिरीचा तळ दिसूं लागला कीं घरांतील बायकांच्या दूरच्या झऱ्याकडे खेपा सुरू होतात. शेतावरील गडी दिवसाचे किती तास काम करितो याचा हिशेब आपण ठेवितों. दोन हंडे पाण्यासाठीं घरच्या बाईचा किती वेळ जातो, याचा हिशेब ठेवणारा शेतकरी आमच्या पाहण्यांत क्वचितच आला आहे.

पाणी, ऊब आणि गारवा या तीन गोष्टींसाठीं लोक तीन निराळीं यंत्रें विकत आणितात: पंप, गीझर आणि कूलर. परंतु या तिहींचें मूळ एकाच जागीं आहे, व ती जागा म्हणजे डोक्यावरचें छप्पर होय. आषाढांत तेंच पाणी देतें, वैशाखांत तेंच घर तापवितें, आणि पौषांत स्नानाचें पाणी तापवूं शकणारें ऊनहि त्याच उंचीवर फुकट पडून जात असतें. यंत्रावर पैसा घालण्यापूर्वीं छप्पर नीट करावें, असें आमचें स्पष्ट मत आहे.

प्रथम पाण्याचा हिशेब पाहूं. छपरासकट ४० फूट लांब व ३० फूट रुंद असें मध्यम घर घ्या. त्यानें झांकलेली जमीन १,२०० चौरस फूट, म्हणजे सुमारें १११ चौरस मीटर झाली. (छपराचा उतार मोजूं नये, खालची सपाटी मोजावी, कारण पाऊस तेवढ्याच जागेवर पडतो.) एक चौरस मीटरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे बरोबर एक लिटर पाणी होतें. शेंकडा २० भाग उडून व झिरपून गेला असें धरलें, तरी वर्षाकाठीं दोन लक्ष वीस हजार लिटर पाणी पागोळ्यांवाटे अंगणांत पडतें व तेथून ओढ्यास मिळतें. आतां गरज पाहा. सहा माणसांच्या घरांत पिण्यास व रांधण्यास माणशीं १० लिटर धरले, तर दररोज ६० लिटर लागतात. फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांची बेरीज ७,२०० लिटर. पाहुणे, थोडी गळती आणि लांबलेला मृग यांची सोय धरून १०,००० लिटरांचें टांकें केलें म्हणजे झालें. तें भरण्यास सुमारें ११३ मिलिमीटर पाऊस लागतो. आषाढांतील झडीचे दोन-तीन दिवस त्यास पुरतात.

हें पाणी तोंडीं लावण्याचें आहे, हें मात्र घरांतील सर्वांनीं ध्यानांत ठेवावें. एक दुभती म्हैस दिवसाला ५० लिटरांच्या वर पाणी पिते. गुरें, धुणें व न्हाणें यांचा भार टांक्यावर घातला तर तें पंधरा दिवसांत कोरडें होईल. तीं कामें विहिरीवर किंवा बोअरवरच ठेवावीं.

टांक्याची कल्पना आपल्याकडे नवी नाहीं. याच उत्तर कोंकणांत कान्हेरीच्या भिक्षूंनीं लेण्यांच्या शेजारीं कातळांत टांकीं खोदून व पन्हळी कोरून डोंगरावरचें पावसाचें पाणी त्यांत उतरविलें होतें. आपणांस कातळ फोडण्याचें कारण नाहीं. आंतून अडीच मीटर लांब, दोन मीटर रुंद व दोन मीटर उंच असें टांकें दगडी जोत्यावर, वळचणीखालीं बसतें. जमिनीच्या वर असल्यामुळें तळाशीं तोटी लावितां येते व कोणास आंत घागर बुडवावी लागत नाहीं. घागर व हात जेथें बुडतात तेथें पाणी स्वच्छ राहत नाहीं. लोखंडी सळ्या व तारेची जाळी यांवर सिमेंटचा गिलावा करून केलेलें गोल टांकें स्वस्त पडतें व त्यास कोपरे नसल्यानें तडा जाण्याचें भय कमी असतें. जागा गोठा, उकिरडा व शौचकूप यांपासून दूर असावी. टांक्यांत उजेड मुळींच शिरूं देऊं नये, नाहीं तर शेवाळ धरतें. झांकण घट्ट असावें व वायूच्या नळीच्या आणि सांडीच्या तोंडास बारीक जाळी बांधावी. डेंग्यू पसरविणारा डांस अशाच स्वच्छ व स्थिर पाण्यांत अंडीं घालितो. सांडीचें पाणी वाया न घालवितां खडी-वाळूनें भरलेल्या खड्ड्यांतून विहिरीकडे न्यावें. नवें सिमेंटचें टांकें दोन-तीनदां भरून रिकामें केल्यावांचून त्यांतील पाणी पिऊं नये.

परंतु टांकें कितीहि चांगलें बांधलें तरी पाणी छपराइतकेंच चांगलें मिळणार. कौलारू घराची शाकारणी दरवर्षीं मृगापूर्वीं करण्याचा परिपाठ अलीकडे ढिला पडत चालला आहे. मजूर मिळत नाहींत हें खरें. शिवाय रानाच्या कडेच्या गांवांतून वानरांनीं एकदां उड्या मारल्या कीं कौलें पुन्हां सरकतात, हेंहि खरें. तरी फुटकीं कौलें बदलणें, खांचांत सांचलेला पाला काढणें, कुजलेली रीप नवी घालणें, व छपरावर वांकलेल्या आंब्याच्या अगर चिंचेच्या फांद्या छाटणें, हें काम टाळतां येत नाहीं. जुने सिमेंटचे पत्रे असतील तर एक सावधगिरी सांगितली पाहिजे. त्यांत ॲस्बेस्टॉस असतो व त्याची धूळ फुप्फुसास घातक आहे. म्हणून ते कापूं, घासूं किंवा भोंके पाडूं नयेत, आणि नवें छप्पर करितांना ते पुन्हां घेऊं नयेत.

मृगाचें पाणी टांक्यांत मुळींच घेऊं नये. सहा-सात महिन्यांची धूळ, पाला व पक्ष्यांची विष्ठा त्याबरोबर येते. पन्हळीच्या उतरत्या नळास एक फांटा ठेवून पहिल्या सरी बाहेर सोडाव्या. आर्द्रा चांगल्या लागल्या म्हणजे नळ टांक्याकडे वळवावा. वाटेंत खडी, कोळसा व धुतलेली वाळू यांच्या थरांची एक गाळणपेटी असावी, व तींतील वाळू दरवर्षीं नवी घालावी. हस्ताच्या भरंवशावर कोणी राहूं नये. श्रावणांतच टांकें भरून ठेवावें. पुढें भरल्या टांक्यांत गाळ व औषध दर हजार लिटरांस अडीच ग्रॅम ताज्या ब्लीचिंग पावडरच्या प्रमाणानें, म्हणजे दहा हजारांस २५ ग्रॅम, असें पाहावें. पावडर बादलींत कालवून निवूं द्यावी, वरची निवळी तेवढी टांक्यांत ओतावी, आणि तासभर तोटी उघडूं नये.

आतां उन्हाळ्याकडे वळूं. पत्र्याचें किंवा स्लॅबचें घर दुपारीं भट्टीसारखें होतें, आणि मग पंखा वरची तापलेली हवाच खालीं लोटतो. स्लॅबवर फाल्गुनांत पांढऱ्या चुन्याचे दोन दाट हात दिले, तर सूर्याचा ताप बराचसा परत फेंकला जातो व आंतील फरक पहिल्याच दिवशीं हातास कळतो. जस्ती पत्र्यास चुना लावूं नये, तो जस्तास खातो. त्यास पांढरा रंग द्यावा, व पाणी धरावयाचें असल्यास तो शिशाविरहित असल्याची खात्री करून घ्यावी. पत्र्याखालीं हातभर अंतर सोडून बांबूच्या तट्ट्यांचें छत केलें, आणि आढ्याजवळ हवा निघून जाण्यास वाट ठेविली, तर कूलरची गरज बहुधा उरत नाहीं. कूलरचा गारवा पाणी उडून जाण्यानें येतो. विदर्भाच्या कोरड्या वाऱ्यांत तो उत्तम चालतो, पण मे महिन्यांत समुद्राकडची दमट हवा आपल्या खोऱ्यांत शिरली म्हणजे त्याचें काम मंदावतें. शिवाय तो रोज घागरी-घागरी पाणी पितो. टँकरच्या पाण्यावर कूलर चालविणें आम्हांस तरी पटत नाहीं.

स्नानाच्या पाण्यासाठीं तांब्याचा बंब अजून कित्येक घरांत आहे, व तो मोडींत घालण्याची घाई करूं नये. मधल्या नळींत विस्तव व भोवतीं पाणी, अशी त्याची रचना असल्यामुळें उघड्या चुलीपेक्षां सर्पण कमी लागतें. पाणी न भरतां तो कधींहि पेटवूं नये. सांध्यांचे डाख वितळतात. बोअरच्या जड पाण्यानें आंत क्षारांचा थर बसतो, आणि त्या थरांतून उष्णता जाण्यास अधिक सर्पण जळतें. विजेच्या गीझरचेंहि हेंच. वर्षांतून एकदां तो थर काढवावा. पावसाचें पाणी मऊ असल्यामुळें त्याचा असा थर बसत नाहीं. म्हणून पावसाळ्यांत तरी बंबांत पागोळ्यांचेंच पाणी घालावें.

सूर्याच्या उष्णतेवर पाणी तापविणारें यंत्र घ्यावयाचें असल्यास तोंड दक्षिणेकडे व उतार तीस अंशांच्या आसपास ठेवावा; थंडींतील सूर्य खालून जातो. शंभर लिटरांचें यंत्र भरल्यावर त्याचें ओझें कौलांस पेलत नाहीं, करितां तें न्हाणीच्या स्लॅबवर किंवा अंगणांतील भक्कम मांडणीवर बसवावें. थंड पाण्याची टांकी त्याहून उंच असावी, व गरम पाण्याचा नळ लांब नेऊं नये. आषाढ-श्रावणांत सूर्यच दिसत नाहीं, तेव्हां जुना बंब उपयोगीं पडतो.

एका बाबतींत आम्हांस अधिक आग्रहानें लिहावें लागत आहे. गॅसचा गीझर लहानशा बंद न्हाणींत बसविण्याची चाल वाढली आहे. अपुऱ्या हवेंत गॅस अगर लांकूड जळलें म्हणजे कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु होतो. त्यास वास नाहीं, रंग नाहीं, आणि स्नान करणारा मनुष्य कांहीं कळण्यापूर्वींच बेशुद्ध होतो. अशीं मरणें घडलेलीं आहेत. गीझर न्हाणीच्या बाहेर, उघड्या हवेंत बसवावा व आंत केवळ पाण्याचा नळ न्यावा. बंबहि बाहेर पेटवून पाणी घंगाळांत आणावें. न्हाणीस वर व खालीं असे दोन झरोके असावेत. थंडी लागते म्हणून झरोक्यांत चिंध्या कोंबून ठेवण्याची संवय बऱ्याच घरांतून आढळते. त्या आजच काढून टाकाव्यात.